शेवटच्या कडव्यातलं नाव

शिराळ्याहून पेठ नाक्याकडे निघालं की डाव्या अंगाला आत वाटेगाव राहतं. महामार्ग ओलांडून कृष्णाकाठाकडे गेलं की रेठरे हरणाक्ष लागतं. सकाळी निघालेला माणूस दोन्ही गावं बघून दिवस मावळायच्या आत घरी येतो, एवढंच अंतर. वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले. रेठऱ्यात त्यांच्या आधी चोपन्न वर्षं, ११ नोव्हेंबर १८६६ रोजी, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. श्रीधर कुलकर्णी हे नाव आज फारसं कुणी ओळखणार नाही. पठ्ठे बापूराव म्हटलं तर महाराष्ट्रात जिथे म्हणून ढोलकी वाजते तिथे लोक मान डोलावतात.

शिराळा म्हटलं की बाहेरच्यांना नागपंचमी आठवते, आणि ते साहजिक आहे. पण पूर्वी सातारा जिल्ह्यात असलेला, १९४९ मध्ये दक्षिण साताऱ्यात गेलेला आणि १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख गाण्यांचाही आहे. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमा मांगांनी १८६५ च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ हा वग उभा केला. तमाशातला पहिला वग म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. त्यानंतर वर्षभरात रेठऱ्यात बापूराव जन्मले. मिरजेजवळच्या कवलापूरच्या शिवा-संभांचा फड याच मातीतला. हा संग्रह या भागातल्या माणसांच्या तोंडून उतरून घेतलेल्या लावण्यांचा आहे. त्यातल्या बहुतेक बापूरावांच्या आहेत. म्हणून प्रस्तावनेत आधी बापूरावांविषयी, म्हणजे गाणं लिहिणाऱ्या माणसाविषयी, थोडं विस्ताराने लिहितो.

बापूरावांची गोष्ट सांगताना बहुतेक लोक एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात: कुलकर्ण्यांचा पोर तमाशात गेला. जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या ओव्या ऐकत, त्यांना नव्या ओव्या जुळवून देत हा मुलगा वाढला. त्याचा हा नाद औंधच्या राजांच्या कानावर गेला आणि त्यांनी त्याला शिकायला आपल्याकडे नेलं. शिकून तो परत आला आणि मांग-महारांच्या फडात जाऊन उभा राहिला. घर तुटलं, जात तुटली. ही गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. १८९० च्या आसपासच्या खेड्यात त्या निर्णयाची किंमत काय होती, ते आपल्याला आज नीट कळणारसुद्धा नाही. तरीही ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की तिच्याखाली गाणं झाकलं गेलं, असं मला वाटतं. बापूराव फडात गेले तेव्हा तो फड रिकामा नव्हता. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग हा खेळाचा क्रम, ढोलकी-तुणतुणं-कड्याचा मेळ, सवाल-जवाबाची पद्धत, हे सगळं तिथे आधीच होतं. पेशवाई बुडाल्यावर दरबारी आश्रय आटला, तेव्हा तमाशा गावोगावच्या मांगवाड्यांनी आणि महारवाड्यांनी जगवला. रामजोशींसारखा ब्राह्मण कवी बापूरावांच्या शंभर वर्षं आधीच फडावर येऊन गेला होता. बापूराव त्या घरात शिकायला गेले आणि तिथेच राहिले. त्यांचं मोठेपण सांगताना त्या घराचं नाव आधी घेतलं पाहिजे.

मग बापूरावांनी त्यात काय घातलं? याचं उत्तर कागदावर सापडत नाही, असं मला फार उशिरा कळलं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. छापलेली लावणी मी कवितेसारखी वाचायचो: प्रतिमा बघायचो, यमक बघायचो, शृंगार कुठे उघडा होतो तिथे वर्गात पान उलटायचो. या संग्रहाच्या कामात आमच्या गावाशेजारच्या एका म्हाताऱ्या हलगीवाल्याकडे जाणं सुरू झालं. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. पहिल्याच दिवशी मी वहीतून एक लावणी वाचून दाखवली. आबा तोपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “मास्तर, लावणी वाचत्यात व्हय? ढोलकी कुठं थांबती त्ये कागदावर न्हाई. त्ये कळलं न्हाई तर नुसता शब्द ऱ्हातोय हातात.”

आणि मग त्यांनी मांडीवर ताल धरून तीच लावणी म्हटली. आठ मात्रांचं आवर्तन. माधवराव पटवर्धनांनी मराठी छंदांचा विचार करताना याला पद्मावर्तनी म्हटलं. फडावरचा माणूस तेच केरवा नाहीतर धुमाळी म्हणून बोटांनी सांगतो. मी वाचताना ज्या शब्दाजवळ श्वास घेतला होता, तिथे आबा थांबलेच नाहीत. ते दोन शब्द पुढे जाऊन थांबले, अर्ध्या ओळीत, जिथे अर्थ अजून लोंबकळत होता. त्या फटीत मांडीवर चार बोटं उमटली, आणि मग राहिलेला शब्द पडला. तो शब्द मी शंभर वेळा वाचला असेल, पण तो विनोदाचा होता हे तोवर मला कळलं नव्हतं. ती फट बापूरावांनी मुद्दाम ठेवलेली होती. ढोलकीवाल्यासाठी, नाचणारीच्या पायासाठी आणि समोर बसलेल्या माणसाला अंदाज बांधायला एक क्षण मिळावा म्हणून.

हे एकदा कानात बसलं की बापूरावांची कारागिरी जागोजाग दिसते. ध्रुपद आखूड असतं, कारण मागे उभ्या असलेल्या सुरत्यांना, म्हणजे झीलकऱ्यांना, ते एकदा ऐकून उचलता आलं पाहिजे. कडवं लांबत जातं, शब्द एकमेकांच्या अंगावर येतात, एकाच अक्षराची चळत लागते, गाणारीचा श्वास संपत येतो, आणि नेमकं तेव्हाच यमक तिला परत ध्रुपदाच्या दारात आणून सोडतं. तिथे झीलकरी तिच्या हातातून गाणं घेतात आणि ती श्वास घेते. लिहिणाऱ्याला गाणारीच्या फुफ्फुसाचा हिशोब ठाऊक होता. टेबलाशी बसून हे जमत नाही. फडावर रात्र रात्र काढणाऱ्यालाच ते जमतं.

बापूरावांच्या जन्माच्या थोडं आधी जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, असंच काहीतरी चाललं होतं, म्हणून जरा तिकडे जाऊन येतो. स्टीफन फॉस्टर हा अमेरिकन लोकप्रिय गाण्याचा आद्य पुरुष मानला जातो. शब्द त्याचे आणि चालीही त्याच्याच. ४ जुलै १८२६ ला जन्मलेल्या या माणसाची गाणी ‘मिन्स्ट्रेल’ नावाच्या खेळांत गायली जात. गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या गुलामांची सोंगं आणत, असे ते खेळ. फॉस्टरचं ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ हे गाणं १८५१ साली छापलं गेलं तेव्हा कवी म्हणून त्यावर नाव होतं ख्रिस्टी नावाच्या एका खेळवाल्याचं. फॉस्टरने ते नाव पैसे घेऊन देऊन टाकलं होतं, कारण अशा गाण्यांशी आपलं नाव जोडलं जाण्याचा त्याला संकोच वाटत होता. पुढच्याच वर्षी त्याने पत्र लिहून ते परत मागितलं, पण ते मिळालं नाही. १८५७ मध्ये त्याने आपल्या गाण्यांचे पुढचे सगळे हक्क १,९०० डॉलरच्या आतबाहेर विकून टाकले. १८६४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या इस्पितळात तो सदतिसाव्या वर्षी वारला, तेव्हा त्याच्या पाकिटात ३८ सेंट होते. त्याची गाणी मात्र देशभर घराघरात पियानोवर वाजत होती.

बापूरावांशी त्याची तुलना करावीशी वाटते ती शेवटामुळे. बापूरावही २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात हलाखीत गेले, आणि त्या दिवशीही महाराष्ट्रात कुठल्या तरी फडावर त्यांचा गण झाला असणार. पण दोघांच्यात एक मोठा फरक आहे. फॉस्टरने परक्या लोकांच्या तोंडची म्हणून गाणी लिहिली आणि आपलं नाव दूर ठेवलं. बापूरावांनी त्या लोकांत जाऊन संसार मांडला आणि आपलं नाव गाण्यात कोरलं. शाहिरी परंपरेत शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा येते. होनाजी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ, सगळ्यांनी ती घातली. गाणाऱ्याने ती गाळली तर यमक मोडतं आणि ताल लंगडा पडतो. म्हणजे कागदपत्र, वकील, कायदा यातलं काही नसताना मराठी शाहिराने आपला हक्क वृत्तातच बांधून ठेवला होता. अमेरिकेत गीतकार-संगीतकारांनी आपल्या हक्कासाठी संघटना उभी केली ती १९१४ साली. आपल्याकडे गीतकाराच्या मानधनाचा प्रश्न कायद्यात धड बसायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. मुद्रेने पैसा मिळाला नाही हे खरं. पण शंभर वर्षांनी शिराळ्यातला एक लिहिता-वाचता न येणारा माणूस लावणी म्हणतो आणि शेवटी त्याच्या तोंडून कवीचं नाव बाहेर पडतं, हे मुद्रेमुळेच घडतं.

बापूरावांनी दोन लाख लावण्या केल्या असं सांगतात, आणि हा आकडा त्यांनी स्वतःच गाण्यातून सांगितल्याचं मानलं जातं. मी एकदा हिशोब करून पाहिला. साठ वर्षं रोज न चुकता लिहिलं तरी दिवसाला नऊ लावण्या पडतात. म्हणून तो आकडा खानेसुमारीचा नाही, फडावर समोरच्या शाहिराला दिलेल्या आव्हानाचा आहे, असं मी धरून चालतो. गण, गवळणी, भेदिक, झगड्याच्या, रंगबाजीच्या, वगाच्या अशा सगळ्या जातींत त्यांनी रचना केली. ‘मिठाराणी’चा त्यांचा वग १९०८-०९ च्या सुमारास शाहू महाराजांनी पाहिला. गावच्या जत्रेतला तमाशा मुंबईत पिला हाऊस या नाट्यगृहांच्या भागात तिकिटाचा खेळ झाला तो याच पिढीच्या हातून. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचा गिरणी कामगार पगाराच्या दिवशी चार आणे मोजून आपल्या मुलखाची भाषा ऐकायला येत होता. आपल्या मराठीत लोकप्रिय गाणं, म्हणजे लोकांनी स्वतःच्या कमाईतून विकत घेतलेलं गाणं, तिथे सुरू होतं. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोनचं भारतातलं पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि पुढे तबकड्या आल्या. पण तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, आणि फडावरची लावणी रंगली तर अर्धा तास हलत नाही. लावणीचा जो आखूड, चकचकीत नमुना आज आपल्याला ठाऊक आहे, त्याच्यावर तबकडीच्या आणि पुढे सिनेमाच्या कात्रीचे वळ आहेत.

आता पवळाबद्दल. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथे १८७० साली जन्मलेली ही महार मुलगी. नाच्या पोरांनी लुगडं नेसून बाई व्हायचं त्या काळात ती स्वतः फडावर आली. तमाशात उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ‘नामचंद पवळा’ म्हणून तिची ख्याती झाली. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी म्हणजे त्या काळातलं सगळ्यात मोठं आकर्षण होतं. १९३९ साली ती गेली, बापूरावांच्या सहा वर्षं आधी.

वर मी फटीबद्दल लिहिलं. ती फट भरायची कोणी? पवळाने. बापूरावांचा शब्द जिथे थांबतो तिथे तिचा पाय बोलायचा, भुवई बोलायची, पदर बोलायचा. म्हणजे ही लावणी दोघांनी मिळून पुरी केलेली आहे. पण नाममुद्रा कवीची असते. गाणाऱ्या गळ्याला तिच्यात जागा नसते. ज्या युक्तीचं मी एवढं कौतुक केलं, तिच्यात हा अन्याय आधीपासूनच आहे. मला तो आबांच्या घरी बसून कळला. त्यांनी कवींची नावं शंभर टक्के सांगितली, पण गाणाऱ्या बायका सांगताना ते “ती नारायणगावाकडची”, “ती उंच व्हती ती” असं म्हणत गेले.

या संदर्भात एक प्रसंग टाळून पुढे जाता येत नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूराव पवळासह बाबासाहेब आंबेडकरांकडे गेले आणि आपल्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महार बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. लावणीवर प्रेम करणाऱ्यांना हा नकार बोचतो, आणि काहीजण तो बाबासाहेबांना कला कळली नाही म्हणून सोडून देतात. मला तसं वाटत नाही. फडासमोर पैसे उधळणारा कोण होता, आणि खेळ संपल्यावर त्या बाईवर आपला हक्क आहे असं समजणारा कोण होता, ते बाबासाहेबांना ठाऊक होतं. कलेचा मान आणि बाईचा मान या गोष्टी त्या समाजात एकत्र नांदत नव्हत्या. बापूरावांची देण्याची इच्छा खरी होती आणि बाबासाहेबांचा नकारही खरा होता. या संग्रहातली शृंगाराची लावणी वाचणाऱ्याने दोन्ही मनात ठेवून वाचावी, एवढीच माझी विनंती आहे.

बापूरावांचा वारसा कुणाकडे गेला हे बघायला पुन्हा वाटेगावला यावं लागतं. अण्णाभाऊंच्या घराण्यात तमाशा होता, आणि बापूरावांचं गाणं त्यांच्या कानावरून गेलं नसेल हे शक्य नाही. बापूरावांनी मुंबईवर एक लावणी केली होती: त्या शहराच्या थाटाने, झगमगाटाने डोळे दिपलेल्या खेडुताची. पुढे अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिली, ती जणू तिला दिलेला जबाब. आकृती तीच, ठेका तोच, पण त्यांच्या मुंबईत मलबार हिलच्या पायथ्याशी परळ आहे आणि परळमध्ये घाम गाळणारा माणूस आहे. एकाच तालुक्यातल्या दोन माणसांनी एकाच शहरावर केलेल्या या दोन लावण्या शेजारी ठेवून वाचल्या की पन्नास वर्षांत मराठी गाण्याची नजर कुठून कुठे वळली ते कळतं. एवढा स्वच्छ सवाल-जवाब मला आपल्या साहित्यात दुसरा दिसत नाही.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांनी गणातला गणपती बदलून तिथे मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी यांना वंदन आणलं. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा तोच खेळ लोकनाट्य या नावाने उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ गाजली. तिचा साचा निखळ जुना आहे: पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याची, गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणारी छक्कड. आणि शेवटाकडे ती मैना बेळगाव, कारवार, निपाणी होऊन जाते. विरहाची लावणी राजकारणाचं ओझं उचलू शकली, कारण तिचा पाया बापूरावांच्या पिढीने तेवढा पक्का घातला होता. दोन मात्रांच्या फटीत श्रोत्याला थांबवायचं आणि मग शब्द टाकायचा, हे कसब तेच. फक्त पडणारा शब्द वेगळा.

आता या संग्रहाविषयी. लावण्या जशा ऐकल्या तशा उतरवल्या आहेत. छापील प्रतीपेक्षा वेगळा शब्द म्हणणाऱ्याच्या तोंडी आला तिथे तोंडचा शब्द ठेवला आहे. “शुद्ध करा” असं सुचवणारे मित्र होते, मी त्यांचं ऐकलं नाही. “म्हनं”चं “म्हणे” केलं की उच्चार हलतो आणि ढोलकी अडखळते. ओळीत जिथे उभी रेघ दिसेल तिथे ठेक्याची जागा आहे. वाचताना तिथे खरोखर थांबावं, अर्थ तुटला तरी. दुहेरी रेघ म्हणजे झीलकऱ्यांनी ध्रुपद उचललं ती जागा. वाचक एकटा असेल तर त्याने तेही स्वतःच म्हणावं, मोठ्यांदा. मांडीवर हात हवाच.

छापखान्यात जाण्याआधी सगळी पानं आबांना ऐकवली. चार संध्याकाळी गेल्या. हलगी खुंटीला होती. त्या वयात त्यांना ती पेलत नाही, पण पहिल्या दिवशी त्यांनी नातवाला अंगणात पाचटाचा जाळ करायला लावला, हलगी त्यावर धरून शेकवली आणि कातडं ताणून कणकण बोलू लागल्यावर मगच “हं, चालू द्या” म्हणाले. प्रत्येक लावणीच्या शेवटी बापूरावांचं नाव आलं की त्यांचा उजवा हात कानाच्या पाळीला जायचा. विचारलं तर म्हणाले, “मुद्रा आली की हात लावायचा. वस्तादानं शिकवलंय.”

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, “आन् गानाऱ्यांची नावं कुटं घातली?” मी घातली नव्हती. मग दोन रात्री बसून आम्ही यादी केली. पहिलं नाव अर्थात पवळाबाईचं, आणि पुढे आबांना आठवतील तेवढी. या भागातल्या जत्रांतून त्यांनी ज्यांच्यामागे हलगी धरली त्या सगळ्यांची. कुणाचं पाळण्यातलं नाव आठवलं, कुणाचं फडावरचं, कुणाचं फक्त गाव. ती यादी प्रस्तावनेनंतरच्या पानावर आहे, लावण्यांच्या आधी. तिच्यात सातवी ओळ कोरी आहे. चैत्रातल्या एका जत्रेत सलग तीन वर्षं बापूरावांची गवळण म्हणणारी एक बाई होती. तिचा आवाज, तिच्या नाकातली चमकी, तिची तान कुठे वळायची, ते सगळं आबांनी मला सांगितलं. नाव काही आठवेना. वाचकांपैकी कुणाला आठवलं, तर त्या ओळीवर लिहावं.